कणगीवरचा राखेचा हात

तानू, तुझ्या तेराव्याला गाव जेवून गेलं. जाताना जो तो तुझ्याबद्दल चांगलं बोलत होता. मला ते ऐकवेना. माणूस गेलं की सगळेच गोड बोलतात. त्यातलं खरं किती आणि रीतीपुरतं किती, हे मला आजवर कळलेलं नाही. मी पत्रावळी उचलत होते आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "झाली का गो सुरू तुजी टेहळनी?"

झाली. तू गेलीस म्हणून मी निवळेन अशी तुझी समजूत असेल तर ती सोडून दे. पण आज मला तुझ्याशी बोलायचंच आहे. एक गोष्ट घडली आहे आणि ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही. आमच्या मास्तरांना सांगितली तर ते चष्मा पुसतात आणि "असं का" म्हणतात. तुझ्याशी निदान भांडता यायचं.

आपली ओळखही भांडणानेच झाली. मास्तरांची इथल्या शाळेवर बदली झाली, बैलगाडीतून सामान उतरत होतं, आणि कुडाच्या पलीकडून तू वालाच्या बिरड्याची वाटी घेऊन आलीस. मी विचारलं, "कशाला?"

"कशाला म्हंजे? खायला."

"पण का?"

"आज तुज्या घरात चूल पेटंल का? मंग खाशील काय, मुरबाडचा रस्ता?"

मी वाटी घेतली, पण तुला जाऊ देऊन आधी मास्तरांना विचारलं की ही बाई आपल्याकडून काय मागणार असेल. वाटी परत करताना घासूनपुसून, आत गुळाचा खडा ठेवून दिली, म्हणजे फिटंफाट. दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्याच गुळाचा चहा करून घेऊन आलीस. म्हणजे पुन्हा माझ्या डोक्यावर बसलीस. त्या वाटीचा हिशोब आपल्यात कधी मिटला नाही, आणि आता मिटणारही नाही.

मग लढाई सुरू झाली. तिचा आवाज सिद्धगडापर्यंत कधी आला नाही, पण ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, तशा व्यापाऱ्यांच्या गाड्या आपल्या खळ्यांवर येऊन उभ्या राहू लागल्या. पाठोपाठ सरकारची लेव्ही आली, म्हणजे पिकातला वाटा सक्तीने सरकारात घालायचा. ज्यांच्या घरी वर्षभराचं भात असायचं त्यांच्याही कणग्या आषाढात तळ दाखवू लागल्या. सिद्धगडाखालच्या वाडीचं तर विचारूच नको. तिथली वरी-नागली संपली की ती माणसं कंद उकडून खायची आणि पावसाच्या दिवसांत खाली येऊन आपल्या अंगणात नुसती उभी राहायची. मागायची नाहीत. ते उभं राहणं तुला बघवायचं नाही. मला बघवायचं, पण मला आधी हे बघायचं असायचं की कालच्याच घरातली माणसं आज पुन्हा आली नाहीत ना.

त्या साली तू तुझ्या बहिणीकडे शहापूरला गेलीस आणि येताना डोक्यात एक खूळ घेऊन आलीस. बहिणीच्या आळीतल्या बाया म्हणे रोज भाताला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकतात. आठवड्याने सगळ्यांची मडकी एका ठिकाणी रिकामी करतात आणि ज्याच्या घरी चूल थंड त्याला त्यातून देतात. तू दारोदार फिरलीस. तुझ्या पडवीत एक जुनी कणगी होती, बांबूची, छातीइतकी उंच. ती शेणामातीने नव्याने लिंपलीस, तळाला कडुनिंबाचा पाला घातलास आणि सांगितलंस, बाजाराच्या आदल्या दिवशी ज्याने त्याने आपलं मडकं हिच्यात ओतायचं.

मी तेव्हाच बोलले होते. लोक देणार नाहीत, आणि दिलं तर कण्या देतील, किडका देतील, खड्यांसकट देतील. घेणारे खोटं बोलून घेतील. आणि शेवटी नाव तुझ्यावर येईल की तानूने गावाचा तांदूळ खाल्ला. तू हसलीस. "मंग तू बघत ऱ्हा ना. तुला नाय तरी दुसरं काय येतंय?"

तुझ्या घरासमोर रामजी. त्याच्या आणि तुझ्या सासऱ्यांच्या शेतांमधला बांध कुणी कुणाच्या हद्दीत सरकवला यावरून दोन घरांत जुनं वाजलेलं. तरी तू त्याच्या ओटीवर गेलीस. सगळी आळी ऐकत होती, आणि तो मोठ्याने म्हणाला, "ह्यात मी एक दाना टाकनार नाय. ज्यानं त्यानं आपापलं पोट बघावं." तू म्हणालीस, "बरं." एवढंच. मला तुझा राग आला. निदान दोन शब्द तरी सुनावायचे होतेस.

तरी कणगी भरू लागली, आणि माझं म्हणणंही खरं ठरलं. काय काय आलं त्यात! पांढरा आला, लाल झाक असलेला राता आला, उकडा आला, कण्या आल्या, कुणाच्या घरचे उंदराने कुरतडलेले दाणेही आले. मी सुपात घेऊन तुला दाखवायची. "बघ, हे तुझे दाते." तू तेच सूप हातातून घ्यायचीस, पाखडायचीस आणि परत कणगीत ओतायचीस.

तुझ्या अशा भोळेपणावर काहीतरी पहारा हवाच होता. मग मी माझ्या माहेरची रीत काढली. आमच्याकडे मळणी झाली की भाताची रास खळ्यावर उघडीच असते. तिच्यावर घरची बाई चिमूटभर राख पसरते आणि त्या राखेवर पंजा दाबून ठसा उठवते. कुणी राशीत हात घातला की ठसा मोडतो आणि सकाळी कळतं. मी तसाच कणगीतल्या तांदळावर राखेचा हात उठवायला लागले. राखेने किडाही लागत नाही, हे वरचं सांगायला बरं. माझी करंगळी लहानपणी भात भरडताना घिरटात सापडून वाकडी झालेली, त्यामुळे माझ्या हाताची नक्कल दुसऱ्याला करता येणार नव्हती.

पहिल्याच पावसाळ्यात ठसा मोडला. मधोमध खड्डा पडलेला, तांदूळ कमी झालेला. मी आळीत उभी राहून ओरडले. कोणाचं नाव घेतलं नाही, पण त्या दिवसापासून वाडीवरची सोनी खाली आली नाही, तिथेच सगळ्यांना कळलं. सोनीचा नवरा त्याच साली गेला होता आणि पदरात दोन पोरं होती. तू सुपात तांदूळ घेऊन चिखल तुडवत तिच्याकडे वर गेलीस आणि परत आल्यावर कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

शेवटी तोंड उघडलंस ते भांडायला. "ती मागायला लाजली, म्हनून हात घातला. तुज्या बोंबेनं ती आता मरंल, पन येनार नाय."

"मग उद्या आणखी चार जण लाजतील. कणगी पुरेल का?"

"तुजा तो हात बघितला की मला वाटतं, कोनतरी माज्या ताटात डोकावतंय. घेनाऱ्याला तर वाटतंच. देनाऱ्याला बी वाटतं."

"देणाऱ्याला कशाला वाटेल? देणारा काय चोर असतो?"

"काय काय देनारे चोरावानीच देतात गो," तू म्हणालीस आणि आत निघून गेलीस.

ते भांडण आपलं तसंच राहिलं, तानू. मी आजही म्हणते की मी ओरडले ते बरोबर होतं. त्यानंतर कणगीतून चोरून कुणी नेलं नाही. सोनीला पुढे मीच जाऊन घेऊन आले, हे तू सोयीने विसरायचीस. आल्यावर ती माझ्याकडे बघायची नाही, फक्त तुझ्याकडे बघायची. त्याचंही मला काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते आता जाऊ दे.

मग दुसरीच भानगड सुरू झाली. अधूनमधून सकाळी ठसा मोडलेला असायचा, पण तांदूळ कमी नसायचा. उलट वाढलेला असायचा. माझ्या हातावर एक छोटीशी ढिगली ओतलेली असायची, बहुतेक वेळा रात्याची. सगळं गाव बाजाराच्या आदल्या दिवशी उजेडी ओतून जातं, आपलं मडकं चारचौघांना दिसावं असं ओततं, आणि हा कोण अंधारात येऊन ओतणारा? माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या दिवसांत लेव्हीवाल्यांपासून लपवायला लोक काय काय करत होते! वाटलं, कुणीतरी आपला लपवलेला तांदूळ गावाच्या तांदळात मुरवतंय आणि उद्या परत काढून नेईल. मी डोळ्यात तेल घालून वाट बघितली. पण काढून कुणीच नेलं नाही.

तेव्हा तू मला सांगितलंस, "तो हात उठवू नको गो." मी ऐकलं नाही. तेव्हापासून तुझं दुसरंच टुमणं सुरू झालं. मी उन्हाळ्यात तुझ्या पडवीत बसले, अंधार पडला, की तू म्हणायचीस, "जा, आत झोप. पाठीला वारं लागंल." माझ्या पाठीची तुला एवढी काळजी का, हे मला तेव्हाही खटकायचं.

लेव्हीचा कारकून आला ती दुपार आठवते? बरोबर शिपाई, वहाणा धुळीने माखलेल्या, कपाळाला आठी. तुझ्या पडवीतली कणगी बघून त्याने विचारलं, "हा साठा कोणाचा?"

"गावाचा," तू म्हणालीस.

"गाव म्हणजे कोण? नाव सांगा."

नाव सांगितलं की त्या माणसावर खटला. तुझा लेक महादू भिंतीला टेकून पांढराफटक पडलेला. आणि समोरच्या ओटीवरून रामजी एकदम म्हणाला, "ह्यात माजा एक दाना नाय." सगळ्या आळीने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. माझ्या मनात मात्र आलं, याला विचारलंय कुणी? न विचारता हा बोलला का?

पण तेव्हा त्याच्यामागे लागायला वेळ नव्हता. मी सूप भरून कारकुनापुढे धरलं. म्हटलं, "भाऊ, नीट बघा. हा पांढरा, हा राता, हा उकडा. ह्या कण्या. ह्यात खडे आहेत, ह्यात नाहीत. हा कांडलेला निराळा, तो सडून पांढरा केलेला निराळा. एका घरचा साठा असा असतो का? लपवायचाच असता तर माणूस चांगला लपवील, ही असली उकिरड्याची गोळाबेरीज कोण लपवतं?" त्याने बोटांनी तांदूळ चाळला, वास घेतला, शिपायाकडे बघितलं आणि पाणी मागितलं. तू पाण्याबरोबर गूळ दिलास. तो गेल्यावर तू पडवीत बसून पदरात तोंड खुपसून हसलीस. "तुजी खोड एकदा तरी कामाला आली गो, मास्तरीण!" त्या दिवशी मी तुझ्याकडे जेवले, आणि वाटी परत केली नाही.

तो चोरून ओतणारा हात कुणाचा, याचा मी पुढे छडा लावलाच. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. तू वर्षातून कितीदातरी बहिणीकडे जायचीस, डोक्यावर झाकलेली पाटी घेऊन, काळू नदी ओलांडून. तू नसलीस की मी तुझ्या पडवीत बाज टाकून कणगी सांभाळायची, कारण महादूची झोप मला माहीत होती. त्या दिवसांत ठसा जसाच्या तसा राहायचा. तू परत आलीस की लगेच दुसऱ्या सकाळी मोडलेला. एकदा झालं, दोनदा झालं, मग मी मनाशी गाठ मारली. तूच. शहापूरहून बहिणीकडचा तांदूळ पाटीत घालून आणायचा, पहाटे कणगीत ओतायचा आणि गावाला वाटू द्यायचं की गावच देतंय. लोकांची मडकी हलकी होत चालली होती, मला दिसत होतं. कणगी मात्र रिकामी होत नव्हती. दुसरं कोण असणार?

मी तुला हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मला खरं वाटलं नसतं. पण तेव्हापासून बाजाराच्या आदल्या दिवशी एकेक जण मोठ्या तोऱ्यात मडकं ओतायला आला की मला मनातून हसू यायचं. घ्या पुण्य, म्हणायची मी. भरतेय एकटी तानू. आणि तुझा मला अभिमान वाटायचा आणि रागही यायचा, कारण तू स्वतःच्या ताटात काय वाढून घेत होतीस ते मी कुडाच्या फटीतून बघत होते.

या चैत्रात तू शहापूरहून आलीस ती ताप घेऊन. तुझी पाटी मी स्वतः उघडून बघितली. बहिणीचं एक जुनं लुगडं आणि चिंचेचा गोळा. तांदूळ नव्हता. म्हटलं, या खेपेला अंगात त्राण नव्हतं, राहिलं असेल. तू आत पडून होतीस आणि मी पडवीत बाजेवर, एक डोळा तुझ्याकडे, एक कणगीकडे. तिसऱ्या दिवशी तुला पेज भरवताना तू माझा हात धरलास, तो वाकड्या करंगळीचा. ओठ सुकलेले. म्हणालीस, "आत झोप गो."

एवढंच. त्यानंतर तू बोलली नाहीस. सगळे म्हणतात मरताना माणूस देवाचं नाव घेतं. तू माझ्या पाठीचं घेतलंस, असं मला वाटलं, आणि मी तुझ्या उशाशी बसून ढसाढसा रडले.

दहाव्याला तुझी बहीण आली. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तुम्ही एवढा तांदूळ दिलात, तिने कुणाला कळू दिलं नाही. निदान मला सांगा, किती देत होतात?" ती म्हणाली, "कंचा तांदूळ गो बाय? आमीच कंट्रोलच्या रांगेत उभं ऱ्हातो. ती यायची ती मलाच काय काय घेऊन यायची. वाल, चिंच, शेवग्याच्या शेंगा." मला वाटलं, ही बाई लपवते आहे. बहिणीने शपथ घातली असेल. मी आणखी खोदलं, तशी ती रडायलाच लागली, म्हणून सोडून दिलं.

तेराव्यानंतर मारुतीच्या देवळात गाव बसलं. महादू म्हणाला, पडवीत आता त्याला गोठा वाढवायचा आहे. मी तुझ्या लेकाला काही बोलले नाही, तू तरी काय बोलली असतीस? कणगीत तळाशी हात जाईल एवढाच तांदूळ उरला होता आणि पुढे आषाढ. मग रामजी उठला. "बाय गेली. आता कोन बघनार? जे हाय ते वाटून टाका नि बंद करा."

खरं सांगू का? माझ्याही मनात तेच होतं. भरणारीच गेली, मग कणगी ठेवून काय तिच्यात पालींना राहायला जागा द्यायची? सोनी देवळाबाहेर पायरीखाली उभी होती, पोरांना घेऊन. तिच्याकडे बघायचंच नाही असं मी ठरवलं होतं. पण रामजी म्हणाला बंद करा, आणि माझं डोकं फिरलं. ज्याने एक दाणा दिला नाही त्याला वाटून टाकायची एवढी घाई का? काहीतरी पाणी मुरतंय. मी बायकांतून उठून म्हटलं, "माझ्या पडवीत आणा." मास्तरांनी चष्मा काढला. रामजी माझ्याकडे टक लावून बघत राहिला आणि मग खाली बसला. त्याने तेव्हा तोंड पाडलं की काय केलं, मला नीट दिसलं नाही.

कणगी आली. मी लिंपली, पाला बदलला, तांदूळ ओतला, वर राखेचा हात उठवला. वैशाखाचा उकाडा, म्हणून बाजही तिथेच टाकली. पहिली सकाळ, ठसा शाबूत. दुसरी, शाबूत. बाजाराचा दिवस येऊन गेला, मडकी आली, ती पूर्वीपेक्षा हलकी. त्यानंतरही रोज सकाळी माझाच हात माझ्याकडे बघायचा, वाकड्या करंगळीसकट. मी म्हटलं, झालं, पटलं ना आता? तानूच होती. आणि तांदळात हात घालून मी हिशोब केला की आषाढ लागायच्या आत हे संपणार. सोनीला काय सांगायचं, ते शब्द जुळवायलासुद्धा मी सुरुवात केली होती.

परवा मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. शेक द्यायला मी आत गेले आणि तिथेच, त्यांच्या पायाशी, माझा डोळा लागला. सकाळी जाग आली ती उन्हं आल्यावर. पडवीत आले, कणगीचं झाकण काढलं, आणि तानू, माझा हात मोडला होता.

माझ्या अंगठ्यावर एक ढिगली होती, रात्याची. करंगळीकडे दुसरी, पांढऱ्या बारीक तांदळाची. दोन्ही वेगवेगळ्या. दुसऱ्याने पहिल्याची ढिगली बघितली असणार, कारण तिला धक्का न लावता त्याने बाजूला ओतलं होतं. आणि मधोमध, तळहाताच्या जागी, पळसाच्या पानाची पुडी, काट्याने टोचून बंद केलेली. मी उघडली. आत नागली. तांदळात मिसळून नासाडी होऊ नये म्हणून पानात बांधलेली. वाडीशिवाय आता नागली कुणाकडे आहे?

मी बाजेवर बसले. मला आधी रागच आला. म्हणजे देणारे तुम्ही होतात, तर मग इतके दिवस कुठे मेले होतात? आणि मग लक्षात आलं. इतके दिवस पडवीत मी होते.

तू शहापूरला जायचीस तेव्हाही मीच असायची ना गो तुझ्या पडवीत, बाज टाकून. तू परत आलीस की मी माझ्या घरी झोपायला जायची. म्हणून दुसऱ्या सकाळी कणगी वाढलेली असायची. तुझ्या पाटीत कधी काही नव्हतं. तू कित्येक उन्हाळे मला सांगत राहिलीस, आत झोप, आत झोप, आणि मी माझ्या पाठीला हात लावून बघत राहिले.

तुला माहीत होतं कोण येतं ते? माहीत असणारच. मग मला सांगितलं का नाहीस? सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांच्याकडे टक लावून बघितलं असतं, म्हणून? बरोबर. बघितलं असतं. तरी मला सांगायला हवं होतंस. एवढी वर्षं एका कुडाला पाठ लावून राहिलो आपण. हा माझा राग तुझ्यावर आहे आणि तो मी ठेवणार आहे.

आणि रामजी? राता अर्ध्या गावाच्या वरकस, उताराच्या जमिनीत पिकतो, त्यावरून नाव ठरत नाही. पण कारकुनासमोर तो न विचारता का बोलला, आणि देवळात बंद करा का म्हणाला, याचे माझ्याकडे दोन अर्थ आहेत. एक असा, की तो पक्का कवडीचुंबक आहे. दुसरा असा, की एकदा आळीसमोर नाही म्हटलेला माणूस उजेडी मडकं घेऊन येणार कसा, आणि माझ्या पडवीत, माझ्या बाजेशेजारी तर येणार कसा? काल सकाळी तो समोरून गेला. मी बघितलं. तो बघत नव्हता. इतका बघत नव्हता, की मला पुन्हा संशय आला.

तू असतीस तर मी तुझ्या चुलीशी येऊन बसले असते आणि हे सगळं तीनतीनदा सांगितलं असतं. तू तवा उतरवत म्हणाली असतीस, "मंग? कळलं का आता?" आणि मी म्हटलं असतं, नाही, अजून पुरतं नाही. मला तुझी फार आठवण येते, तानू. कुडाच्या पलीकडे आता महादूची म्हैस श्वास टाकते, आणि दरवेळी मला वाटतं की तूच कूस बदललीस.

काल संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी चुलीतली राख हातात घेतली होती. सवयीने. पडवीत कणगीपाशी उभी राहिले. मग ती राख तुळशीत टाकली, हात पदराला पुसला आणि नुसत्या हाताने तांदूळ सपाट केला. माझा संशय गेला असं मुळीच समजू नकोस. कुणीतरी एक दिवस हात घालणारच, आणि तेव्हा मी ओरडणारच. पण आषाढ जवळ आला आहे.

बाज मी ओढत आत आणली. मास्तर म्हणाले, "आत कशाला? केवढं उकडतंय."

म्हटलं, "उकडू दे. पाठीला वारं लागतं."

आणि दार लोटून कडी लावली. हळूच नाही. समोरच्या ओटीपर्यंत, आळीच्या टोकापर्यंत, जमलं तर वर वाडीपर्यंत ऐकू जाईल अशी, खणखणीत.